दर दोन तासांनी

(अंबरनाथ येथील स्मृती व्याख्यानमालेत एका निवृत्त परिसेविकेने दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



अरुणा शानबाग यांच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ रोजी दिला, तेव्हा सगळी चर्चा दयामरणावर झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या प्रकरणाच्या कागदपत्रांत एक साधी नोंद आहे. आयुष्य वॉर्डात गेल्यामुळे असेल, माझी नजर दर वेळी तिथंच थांबते. सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या बाईंना एकही बेडसोअर झालेला नाही, अशी ती नोंद.

ज्यांच्या घरात कुणी लकव्यानं पडून होतं, त्यांना यातलं अवघडपण सांगायला नको. हलता न येणारा माणूस एक रात्र उताणा पडून राहिला, तर सकाळी माकडहाडावरची कातडी लाल दिसते. बोटानं दाबलं तरी ती लाली हटत नाही. चार दिवसांत साल निघतं. पुढं दुर्लक्ष झालं तर पंधरवड्यात आत हाड दिसायला लागतं, आणि मग ज्या आजारासाठी माणूस आणला तो बाजूला राहून जखमच त्याला नेते.

अरुणा शानबाग मूळच्या उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या, मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात स्टाफ नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ला रुग्णालयातच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ला न्यूमोनियानं त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना वॉर्ड नंबर चारमध्ये सांभाळलं. त्यांना तिथून हलवायचा विचार पुढं आला तेव्हा परिचारिकांनी तो प्रत्यक्षात येऊ दिला नाही. अरुणाबाईंच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणाचा, असा प्रश्न न्यायालयापुढं आला, तेव्हा न्यायालयानं तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा ठरवला. शेवटच्या काळात ज्या मुलींनी त्यांना पुसलं, भरवलं, त्यांतल्या कित्येकींचा १९७३ साली जन्मही झाला नव्हता.

हल्ल्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ साली, ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या अवस्थेचं वर्णन करून तिला नाव दिलं होतं. डोळे उघडे, झोप आणि जाग चालू, पण स्वतःचं किंवा भोवतालचं भान असल्याची खूण नाही. जगाला ही अवस्था नुकती ओळखू येत होती, तेव्हा परळच्या वॉर्डात तिची शुश्रूषा सुरू झाली. बेचाळीस वर्षं असा रुग्ण कसा सांभाळायचा, ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

लोक याला माया म्हणाले. माया होतीच. पण मायेनं कातडी वाचत नाही. ती वाचते दर दोन तासांनी कूस बदलल्यानं, ओली चादर लगेच काढल्यानं, पोटात पुरेशी प्रथिनं गेल्यानं, आणि पाळी संपताना पुढच्या सिस्टरला नीट ‘ओव्हर’ दिल्यानं. दिवसाला बारा वेळा कूस बदलायची म्हटलं, तर बेचाळीस वर्षांचा हिशेब पावणेदोन लाखांच्या पुढं जातो. आज मला सांगायचं आहे ते याच कामाबद्दल. मेंदूच्या आजारात माणसाचं पुढचं आयुष्य कसं जाणार, हे या कामावर फार मोठ्या प्रमाणात ठरतं. हे काम शिकावं लागतं, आणि ते करायला पुरेशी माणसं लागतात.

आता आपल्याकडं येते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांना आपण अजून गावं म्हणतो, पण २०११च्या जनगणनेतच तिन्हींची लोकसंख्या मिळून सव्वानऊ लाखांच्या पुढं होती. त्यानंतर किती वाढली, ते बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये शिरणाऱ्याला विचारा. सरकारी आधार म्हणजे उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, इथलं छाया रुग्णालय आणि बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय. मध्यवर्तीला तर मुरबाड, शहापूर, कर्जतकडूनही रुग्ण येतात. मेंदूचा आजार म्हटला की पुढची नावं ठरलेली: कळवा, सायन, केईएम, जेजे. बदलापूर ते सीएसएमटी रेल्वेनं ६८ किलोमीटर. रस्त्यानं रुग्णवाहिका कल्याणच्या आणि शिळफाट्याच्या कोंडीत किती वेळ उभी राहील, ते कुणी सांगू शकत नाही.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून लकवा मारला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेही सीटी स्कॅन करून, मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. आता एक नेहमीची सकाळ डोळ्यांपुढं आणा. सहाला तोंड वाकडं दिसतं. घरचे म्हणतात, गारवा लागला असेल. हातापायाला तेल चोळतात. आठला ओळखीच्या डॉक्टरांकडं नेतात. नऊला स्कॅन, दहाला ‘मोठ्या हॉस्पिटलला न्या’. शिवाय माणूस रात्री झोपेतच कधी आडवा झाला, हे कुणालाच माहीत नसतं. वेळ मोजायची ती तो शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथपासून, म्हणजे बहुधा आदल्या रात्री दहापासून. म्हणून इथल्या कित्येकांना ते इंजेक्शन मिळतच नाही. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि १०८ला फोन करा. तेलाची बाटली राहू दे.

इंजेक्शनची वेळ टळली की नातेवाईक विचारतात, “म्हणजे आता काहीच नाही?” तिथूनच तर आमचं काम सुरू होतं.

अरुणा शानबाग यांचा निकाल लागला त्याच २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास छापून आला. परिचर्येच्या प्राध्यापक सँडी मिडलटन यांनी न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांत तो केला होता. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. परिचारिकांना फक्त तीन गोष्टींची शिस्त घालून दिली. पहिले तीन दिवस ताप दर चार तासांनी बघायचा आणि ३७.५ अंशांवर, म्हणजे आपल्या वॉर्डातल्या थर्मामीटरवर ९९.५ला, गेला की लगेच उतरवायचा. साखर मोजत राहायची आणि वाढली की आटोक्यात आणायची. आणि गिळण्याची चाचणी केल्याशिवाय तोंडातून काहीही द्यायचं नाही. जिथं ही शिस्त नव्हती तिथं नव्वद दिवसांनी १०० पैकी ५८ रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी झालेले होते. जिथं होती तिथं ४२. शंभरातली सोळा माणसं थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि पाण्याच्या चमच्यानं मृत्यू किंवा परावलंबनापासून वाचवली, असं मी म्हणते, आणि हे आपल्या तालुक्यात करायला कुठल्या मंजुरीची गरज नाही.

चमच्याचं सांगते, कारण सर्वांत जास्त घात तिथं होतो. रुग्णाला आधी नीट टेकून बसवायचं, अर्धवट पडलेलं चालत नाही. तो जागा आहे का, सांगितल्यावर खोकतो का, ते बघायचं. मग एक चमचा पाणी जिभेवर. आपली दोन बोटं त्याच्या कंठमण्यावर हलकी ठेवायची, गिळताना तो वर सरकून खाली येतो का ते कळतं. मग त्याला ‘आ’ म्हणायला लावायचं. आवाज ओला, घोगरा, घशात पाणी असल्यासारखा आला, तर थांबायचं. ठसका लागला तरी थांबायचं. असे तीन चमचे नीट गेले तरच पुढं छोट्या वाटीतून. अडलं, तर नाकातून रायल्स ट्यूब, आणि डॉक्टर सांगेपर्यंत तोंडातून गोळीसुद्धा नाही.

यातली खरी भीती ही की काहींना ठसका लागतच नाही. पाणी चुपचाप फुप्फुसात उतरतं आणि तिसऱ्या दिवशी ताप चढतो. आपल्याकडं माणूस पडला की कुणीतरी चहा घेऊन धावतो, कुणी ग्लुकोजचं पाणी, कुणी तीर्थ, कुणी गंगाजल. भावना मला कळते. वॉर्डात मी आजीबाईंना सांगायची, “आजी, ओठांना बोट ओलं करून लावा, पण आत नको.” बहुतेक जणी ऐकायच्या. कारण सांगितलं की लोक ऐकतात, नुसतं ओरडलं की पाठ वळताच पाजतात.

साखरेचंही एक आहे. लकव्याचा म्हणून आणलेल्या प्रत्येक रुग्णाच्या बोटाला आधी सुई टोचायची, मग बाकीचं. उल्हासनगरात सिंधी समाजाच्या चालिहोच्या उपवासाचे चाळीस दिवस, आणि तिन्ही शहरांत श्रावण, हे आमचे सावध राहायचे दिवस. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात अन्न नाही, असा माणूस एका बाजूनं लुळा पडून येतो. साखर चाळीसच्या आत असते. शिरेतून ग्लुकोज गेलं की काही मिनिटांत हात उचलून विचारतो, मला इथं का आणलं. अशा माणसाला स्कॅनच्या रांगेत दोन तास ठेवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता बेशुद्धीकडं येते. ती मोजायची ग्लासगो पट्टी ग्रॅहम टिसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली मांडली. डोळे, बोलणं आणि हालचाल, मिळून कमाल १५, किमान ३. ती मुद्दाम सोपी केली होती, म्हणजे खाटेजवळची परिचारिका आणि नवखा डॉक्टर दोघांचा आकडा एकच यावा. टिसडेल यांनी पुढच्याच वर्षी परिचारिकांच्या नियतकालिकातही तिच्यावर लिहिलं. लोकलमधून पडून डोक्याला मार लागलेला तरुण, खिशात ओळखपत्र नाही, केसपेपरवर ‘अज्ञात’, त्याचं त्या रात्रीपुरतं जवळचं माणूस म्हणजे दर तासाला टॉर्च घेऊन येणारी सिस्टर. रात्री एकला १४ होते, दोनला १२ झाले, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, की डॉक्टरांना उठवायचं आणि शस्त्रक्रियेसाठी हलवायची तयारी करायची. हा फरक कुठलं यंत्र सांगत नाही. आदल्या तासाला कुणीतरी नीट बघून लिहिलेलं असेल तरच तो कळतो.

आपल्या भागात या पट्टीला एक जास्तीची अट आहे, पुस्तकात ती ठळकपणे सापडत नाही. उल्हासनगरच्या कॅम्पांत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांतली जुनी माणसं आहेत. ऑर्डनन्स फॅक्टरीमुळं आणि कारखान्यांमुळं अंबरनाथला तमिळ, मल्याळी, तेलुगू, भोजपुरी बोलणारे आले. मेंदूला धक्का बसला की नंतर शिकलेली भाषा कधीकधी आधी जाते आणि आईची भाषा तेवढी उरते. एका सिंधी आजींच्या चार्टवर दोन पाळ्या ‘असंबद्ध बोलते’ असं लिहिलेलं होतं. आमची स्टाफ नर्स लातूरकडची, हुशार आणि काळजीनं काम करणारी. पण सिंधी तिच्या कानांवर कधी पडलेलीच नव्हती. दुपारी सून आली, तिनं कान दिला आणि म्हणाली, “सिस्टर, ह्या बरोबर बोलतायत. लघवीला जायचंय म्हणतायत, आणि चष्मा मागतायत.” आकडा एकानं वाढला, पलंगाजवळ चष्मा आला आणि नको असलेली कॅथेटर टळली. तेव्हापासून आमच्या वॉर्डात प्रत्येक केसपेपरवर ‘घरात कुठली भाषा’ हे लिहायची पद्धत पडली. मध्यवर्ती असो की बदलापूर, ही एक ओळ प्रत्येक रुग्णालयानं छापून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्याकडं वळते. मलंगगडाच्या पायथ्यापासून बारवीच्या धरणापर्यंतच्या वाड्यांत माणसं जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री घरात शिरते. तिचा दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूणही बहुधा दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, ओकारी येते, घरचे अपचन समजतात. मग पापण्या मिटू लागतात. बोलणं जड होतं, लाळ गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अशा रुग्णाजवळ बसून आम्ही एक सोपी गोष्ट करतो. खोल श्वास घ्यायला लावून त्या एकाच श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला सांगतो. आठ वाजता पंचवीसपर्यंत गेला, साडेआठला अठरा, नऊला अकरा. ऑक्सिजनचा आकडा त्या वेळी अजून ९८च असतो, आणि त्यावर विसंबलं तर फसगत होते. सोबत एक आणखी बघायचं, उशीवरून मान उचलता येते का. कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना, हीच मान आधी सांगते.

अशी एक रात्र सांगते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, वाडीवरून टेम्पोतून आणलेला. नळी घातलेली, व्हेंटिलेटर रिकामा नव्हता, म्हणून काका अँब्यू बॅग दाबत होते. पाच-सहा सेकंदांनी एकदा. हात दुखले की धाकटा भाऊ. मुलाच्या पापण्या मिटलेल्या, बाहुल्या प्रकाशाला हलत नव्हत्या, हातपाय सैल. काकांनी हळूच विचारलं, “सिस्टर, गेलाय का? उगाच दाबतोय का आम्ही?” मण्यारीच्या विषात माणूस असा मेल्यासारखा दिसतो आणि आतून पूर्ण शुद्धीवर असतो, हे शिकलेलं होतं म्हणून मला थांबता आलं. मी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, “बाळा, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव.” बराच वेळ काही नाही. मग डाव्या पायाचा अंगठा किंचित हलला. काकांना तो दाखवला. त्यानंतर त्यांचा हात सकाळपर्यंत थांबला नाही. त्याला पुढच्या रुग्णालयात व्हेंटिलेटर मिळाला आणि तो बरा झाला. नंतर त्याच्या आईकडून कळलं, त्यानं त्या रात्रीचं सगळं ऐकलेलं होतं. कुणी काय बोललं, कोण रडलं, सगळं. अशा रुग्णाच्या खाटेपाशी जपून बोला, आणि दर वेळी हात लावण्याआधी त्याला सांगा: आता सुई टोचतेय, आता कूस बदलतेय, आता रात्रीचे दोन वाजलेत. मिटता न येणाऱ्या डोळ्यांत मलम घालायचं, पापण्या चिकटपट्टीनं बंद ठेवायच्या, नाहीतर माणूस वाचतो आणि डोळा जातो.

हातानं श्वास चालू ठेवायची ही रीत १९५२च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ब्योर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबल्या. आजच्या अतिदक्षता विभागाचं मूळ तिथं आहे. आणि जानेवारी-फेब्रुवारी २०२५मध्ये पुण्यात, मुख्यतः सिंहगड रस्त्याच्या परिसरात, गियाँ-बारे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण निघाले, तेव्हाही एका श्वासातले आकडे, मानेची ताकद, डोळ्यांची निगा आणि कूस हीच कामं आमच्या पुण्याच्या भगिनींनी तासातासाला केली. आजाराची कारणं वेगळी, पण लुळ्या पडलेल्या जागत्या माणसाची शुश्रूषा एकच.

आता घरचं. लकव्याचा रुग्ण फार दिवस रुग्णालयात राहत नाही. तो घरी जातो आणि सून, बायको, नाहीतर मुलगी त्याची सिस्टर होते. माझ्या ओळखीच्या एक परिसेविका नातेवाइकानं तीनदा स्वतःच्या हातानं कूस बदलून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज कार्ड हाती देत नसत. मला ते फार पटतं. पूर्ण उताणं किंवा पूर्ण कुशीवर नको, पाठीमागं उशी लावून तीस अंशांचा तिरपा कल पुरतो. टाचा उचललेल्या असाव्यात. लाल झालेल्या जागी स्पिरिट लावून रगडायची जुनी पद्धत सोडा, त्यानं आतली इजा वाढते. आणि लुळ्या हाताला धरून माणसाला कधी ओढू नका. खांदा निखळतो आणि ते दुखणं लकव्याहून जास्त दिवस टिकतं.

पण इथं एक सत्य सांगायला हवं. घरच्यांना शिकवून स्ट्रोकनंतरचं पुनर्वसन त्यांच्याकडूनच करून घेता येईल का, हे आपल्याच देशातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर तपासलं गेलं. ‘अटेंड’ नावाचा तो अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहा महिन्यांनी मृत्यूत किंवा परावलंबनात काही फरक पडला नाही. घरच्यांना शिकवू नये, असा याचा अर्थ मी घेत नाही. कातडी, गिळणं आणि खांदा यांचं शिकवायलाच हवं. मात्र सून शिकली म्हणून सिस्टरची जागा भरून निघत नाही, हे धोरण ठरवणाऱ्यांनी त्यातून समजून घ्यावं. उल्हासनगरच्या एका खोलीत, खाली शिलाईचं मशीन चालू असताना, सासऱ्यांची कूस बदलणाऱ्या बाईवर सगळा भार टाकून आपण मोकळे होऊ नये.

म्हणून संख्येचं बोलते, मला त्यात संकोच नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं मानक असं आहे: अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक. रात्रपाळीचं चित्र तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलेलं आहे. चाळीस खाटा, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या, आणि एक सिस्टर. त्यांतले दहा रुग्ण हलू न शकणारे धरा. एकाची कूस नीट बदलायला, चादर सरळ करायला, नळ्या सांभाळायला दहा मिनिटं लागतात, आणि दोन माणसं. दहांची झाली शंभर मिनिटं. दोन तासांतली वीस उरली. त्या विसांत इंजेक्शनं, सलाइन, नवीन भरती, डोक्याला मार लागलेल्या मुलाची बाहुली आणि मण्यारवाल्याचे आकडे. होईल का? मग कूस राहते. पुढच्या महिन्यात त्यातून जखम होते आणि नातेवाईक त्याच सिस्टरवर हात उगारतात. लिंडा एकन यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांत, परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यांना दिसलं. तिथं चार की आठ, यावर वाद चाललेला होता. आपण चाळीसवर बोलतो आहोत.

शिकलेली माणसं नाहीत असंही नाही. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन काढलं आणि घराबाहेर पडायला बंदी असलेल्या बायकांना परिचर्येचं शिक्षण घ्यायला पुढं केलं, त्याला आता शंभराहून जास्त वर्षं झाली. मुली शिकल्या, आणि आता मुलगेही येतात, त्यांना वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणतात. आपल्या तिन्ही शहरांत परिचारिका भरपूर राहतात. पहाटेची लोकल पकडून त्या परळला, सायनला, भायखळ्याला जातात, कारण कायम नोकरी तिथं आहे. इथं कंत्राटाची, अकरा महिन्यांची, कधी पगार लांबणारी. माणूस टिकला नाही तर हातातलं कौशल्य साचत नाही, आणि केईएमच्या वॉर्ड चारमध्ये जे घडलं ते साचलेल्या कौशल्यामुळं घडलं. जुन्या सिस्टरनं नव्या मुलीला शेजारी उभं करून शिकवलं, असं चार दशकं.

ऑक्टोबर २०२४मध्ये आपल्या अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, शंभर विद्यार्थ्यांचं. मला त्याचा आनंद आहे. उद्या मेंदूविकाराचे तज्ज्ञ इथं बसतील, रात्री स्कॅन होईल, साडेचार तासांतलं इंजेक्शन बदलापूरच्या माणसालाही मिळेल. त्याच्याशी जोडलेलं रुग्णालय अध्यापनाचं होणार, म्हणजे तिथं तीनास एक हे मानक लागू होतं. तेव्हा सभागृहातल्या लोकप्रतिनिधींना आणि पत्रकारांना माझी विनंती आहे. खाटा किती, हे जाहीर होईल त्याच बैठकीत परिचारिकांची मंजूर पदं किती, त्यांतली भरलेली किती आणि त्यांतली कायम किती, हे विचारा. आकडा पाळीनिहाय मागा. रात्रीचा वेगळा मागा. आणि स्ट्रोकच्या रुग्णांसाठी आठ-दहा खाटांचा वेगळा कक्ष पहिल्या वर्षापासून काढा. त्याला फार यंत्रं लागत नाहीत. हवेच्या गाद्या, ग्लुकोमीटर, मागचा भाग उचलता येणारे पलंग आणि गिळण्याची चाचणी शिकलेल्या सिस्टर, प्रत्येक पाळीला दोन तरी. त्या शिकवायला आम्ही निवृत्त मंडळी या तिन्ही शहरांत आहोत, आणि बोलावलं तर येऊ.